मशेरीच्या डबीला बंदी कोण घालणार?

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात मी विचारलं, "कोणाच्या घरी तंबाखू खातात?" एकही हात वर आला नाही. मग विचारलं, "मशेरी कोण लावतं?" अकरा हात वर! दादी, नानी, अम्मी. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, दाढ दुखली की दादी मलाही लावते."

आपल्या पेणकरपाड्यात गुटखा वाईट हे सगळ्यांना पटलंय. मशेरी मात्र दातांचं औषध वाटते. ती तव्यावर काळा होईपर्यंत भाजलेला तंबाखूच आहे. भाजून निकोटीन संपत नाही. हिरडीवाटे ते रक्तात उतरतं. म्हणून तर सकाळी मशेरी नसली की डोकं चढतं. दुखणं घटकाभर दबतं, कीड तशीच राहते. अशा तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. गरोदर बाईने लावली तर बाळ कमी वजनाचं किंवा वेळेआधी जन्मण्याचा धोका वाढतो.

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. २००३ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्यांना आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकणं गुन्हा आहे. पण २०१५ चा बाल न्याय कायदा दुकानदारापाशी थांबत नाही. मुलाला तंबाखू देणाऱ्या कोणालाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रेमाने दाढेला लावलेली मशेरीही 'देणं'च. पोलीस काही आपल्या मोरीत डोकावणार नाहीत. तिथली बंदी आपणच घालायची.

माझी अम्मी तीस वर्षं मशेरी लावायची. रमजानमध्ये दिवसभर हात लावायची नाही, इफ्तारनंतर मात्र आधी डबी शोधायची. मी म्हटलं, "अम्मी, अल्लाहसाठी दिवसभर निभतं, मग त्याने दिलेल्या शरीरासाठी रात्रीही निभेल." दोनदा सोडून पुन्हा धरली. तिसऱ्यांदा सुटली. तिला रागावलो असतो तर तिने लपून लावली असती.

सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत. तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड कमी उघडणं दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा.

आणि आजपासून एवढं तरी करा: मुलाला पुडी आणायला दुकानावर पाठवू नका.