घोषणा येते, परिच्छेद येत नाही

दहावीपर्यंत आम्ही मराठी माध्यमात शिकलो. मराठी आमच्या घरची भाषा. तेव्हा ती लिहिता येणारच, असा बेळगाव सीमाभागातल्या अनेकांप्रमाणे आमचाही समज होता. पाठ केलेली सुभाषिते आणि गाइडमधले उतारे जुळवून आम्ही निबंधाला गुण मिळवले आणि त्यालाच लेखन मानले.

हा भ्रम महाविद्यालयात फुटला. सीमाप्रश्नावर दहा पानांचा अभ्यासलेख लिहायचा होता. 'अन्याय', 'अस्मिता', 'गळचेपी' या शब्दांनी आम्ही पाने भरली. प्राध्यापकांनी समासात चार ठिकाणी एकच शब्द लिहून लेख परत केला : कशावरून? आम्हांला संताप आला. स्वतःच्या दुःखालाही पुरावा द्यायचा काय?

द्यायचा असतो, हे हळूहळू उमगले. १९६७ साली आलेला महाजन आयोगाचा अहवाल आम्ही जन्मभर धिक्कारत आलो होतो. वाचला मात्र नव्हता. तो वाचल्यावर आमचे मत बदलले नाही. परंतु बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवण्याच्या शिफारशीवर आमचा आक्षेप नेमका कोणता, हे प्रथमच सांगता आले. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडून मग त्याचे खंडन केले, तेव्हा आमचेच म्हणणे अधिक बळकट झाले. दुसऱ्या खर्ड्यात विशेषणे निम्म्यावर आली आणि लेख दुप्पट धारदार झाला.

मराठीत शास्त्रशुद्ध विवेचन होत नाही, असे सांगणाऱ्यांनी इतिहास पाहावा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. पुढे केतकरांनी ज्ञानकोशाचे खंड सिद्ध केले. भाषा असमर्थ नाही. सराव तुटला आहे.

तो कोठे तुटतो, तेही स्पष्ट बोलू. राज्यघटनेचे कलम ३५०अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्यास सांगते, पण केवळ प्राथमिक स्तरावर. म्हणजे मूल अक्षरे गिरवून वाक्ये लिहू लागते तोवर हे संरक्षण. युक्तिवाद शिकण्याचे वय आले की ते संपते! पुढे आमची मुले इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये विचार मांडायला शिकतात आणि मराठी उरते ती सणासुदीला, भांडणाला आणि मोर्चाला. या भाषा त्यांनी जरूर शिकाव्यात. मराठीची जागा रिकामी करून नव्हे.

शासनाला दोष देऊन आम्ही सुटणार नाही. आमच्या किती घरांत मुलाला मराठीत एक सलग, सकारण पान लिहायला बसवले जाते? कलम ३५० प्रत्येकाला संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. पण ज्याला गाऱ्हाण्याची तारीख, कारण आणि मागणी क्रमाने लिहिता येत नाही, त्याने तो हक्क बजावायचा कसा? घोषणा चौकात विरते. कागद दप्तरात राहतो.

म्हणून सीमाभागातल्या प्रत्येक वाचनालयाने आणि मंडळाने आठवड्यातून एक तास लेखनाला द्यावा. बेळगाव, निपाणी, बिदर, कारवार येथल्या मुलांनी आपल्याच गावाविषयी एक पान लिहावे, वडीलधाऱ्यांनी ते वाचावे आणि कौतुक करण्याआधी समासात विचारावे : कशावरून? हा प्रश्न आम्हांला फार उशिरा भेटला. पुढच्या पिढीला तो दहावीच्या आत भेटला पाहिजे.