आडवी बाटली

‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य 2022 च्या जानेवारीत आपल्या राज्यात फार गाजले. एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटांत वाईनविक्रीला मुभा देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने 27 जानेवारी रोजी घेतला आणि त्याच्या समर्थनार्थ ते उच्चारले गेले. विरोध झाला, पुढे सरकार बदलले, निर्णय कागदावर राहिला. वाक्य मात्र घराघरांत राहिले. आता लग्नाच्या वा बाप्तिस्म्याच्या मेजवानीत जुन्या लाल वाईनची महागडी बाटली मेजावर येते, आणि कोणी हरकत घेतलीच तर तीन साक्षीदार उभे केले जातात : कानाच्या लग्नातील प्रभू येशू, वेदीवरचा धर्मगुरू आणि द्राक्षबागेतला शेतकरी. या तिघांची साक्ष तपासणे आम्हांस कर्तव्य वाटते.

वस्तूची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. विट्याच्या ईशान्येस, अकलूजच्या परिसरात, मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घराण्यांतील भावांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ म्हणजे ‘बंधू’ या नावाने द्राक्षमळे उभे केले. त्यांची ‘सेत्ते’ ही लाल वाईन सांजोवेसे व काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांच्या मिश्रणातून बनते आणि ओकच्या पिंपात मुरते. माळरानावर असे पीक घेणे आणि ते मुरेपर्यंत थांबणे यांत कष्ट आहेत, संयमही आहे. त्या कष्टांना आमचा नमस्कार. पण पिंपात मुरल्याने मद्याचे सरबत होत नाही. किण्व द्राक्षातील साखर खाऊन मद्यार्क बनवते. अशा वाईनमध्ये तो शेकडा तेरा-चौदा असतो, साध्या बिअरच्या दुपटीहून अधिक. नोहाने द्राक्षमळा लावला, तो मद्य पिऊन झिंगला, ही कथा पवित्र शास्त्रानेच सांगितली आहे.

आता पहिली साक्ष. काना येथे द्राक्षारस संपला होता. पाहुण्यांसमोर यजमानाची मान खाली जाणार, हे पवित्र मरियेने ओळखले आणि प्रभूने त्या घराची लाज राखली. आपल्या मेजवान्यांत नेमके उलट घडते. एका घराने हजारोंच्या बाटल्या मांडल्या की पुढच्या लग्नात रोजंदारीवर जगणारा बापही कर्ज काढून बाटली आणतो. प्रभूने जी लाज झाकली, ती आम्ही शेजाऱ्याच्या अंगणात उघडी पाडतो, आणि वर कानाचा दाखला देतो!

दुसरी साक्ष वेदीची. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे 924 वे कलम एवढेच मागते, की मिस्साचा द्राक्षारस द्राक्षांपासूनचा, नैसर्गिक व न बिघडलेला असावा. तो किती जुना वा किती महाग, हे ते विचारीत नाही. शिवाय ज्या धर्मगुरूला मद्य बाधते, त्याला बिशपांच्या अनुज्ञेने ‘मुस्तुम’, म्हणजे आंबण्याची क्रिया थांबवलेला ताजा रस, वापरता येतो. 2003 साली रोमने हे पुन्हा स्पष्ट केले. ख्रिस्तसभा आपल्या वेदीवरही मद्याचा धोका विसरत नाही. मग त्याच वेदीच्या आडोशाने तो धोका तुम्ही आपल्या मुलांच्या ताटापाशी का आणावा? परमप्रसादाचा चषक हा मेजवानीच्या पेल्याचा परवाना नव्हे.

तिसरी साक्ष शेतकऱ्याची, आणि ती आम्हांस अधिक जिव्हाळ्याची, कारण तो आमचा शेजारी आहे. खानापूरच्या घाटमाथ्यावर एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांत ज्याचे वर्ष जाते, तो बहुधा थॉमसन वा सोनाक्का पिकवतो. ही खाण्याची आणि बेदाण्याची द्राक्षे. सांगलीच्या बेदाण्याला तर 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उंची लाल वाईन निराळ्या वेलींपासून बनते. त्यांची फळे लहान, जाड सालीची, बियांनी भरलेली. अवकाळी पावसाने तडकलेले थॉमसनचे मणी त्या पिंपात जात नाहीत. शेजाऱ्याचे भले करायचे असेल, तर त्याच्याकडून बेदाणा रास्त भावाने घ्या, हवी तर नाताळासाठी दोन पेट्या जास्त घ्या. आपल्या हौसेचे बिल त्याच्या नावावर फाडू नका.

कोणी म्हणेल, संत पौलाने तिमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यावयास सांगितले होते. होय, थोडा, आणि आजारासाठी. मेजवानीत ओतण्यासाठी नव्हे.

जुन्या वाईनची बाटली आडवी ठेवतात. बूच ओले राहावे, हवा आत शिरू नये म्हणून. आमच्या मुलखातील स्त्रियांना आडव्या बाटलीचा दुसरा अर्थ ठाऊक आहे. 2008 च्या शासन आदेशानुसार गावातील वा प्रभागातील निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारला, तर दारूचे दुकान बंद होते. त्या शिक्क्यामागे किती संध्याकाळींची भीती, किती रिकामे डबे आणि किती मोडलेले संसार असतात! त्या माउल्यांना जाऊन सांगून पाहा, की आमची बाटली तेवढी उंची, ती दारू नव्हे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. चर्चच्या सभागृहात आणि संस्कारांच्या मेजवानीत मद्य नको, मग ते कितीही जुने व कितीही कुलीन असो. घरात कोणी प्रौढ माणूस आपल्या विवेकाने घोटभर घेत असेल, तर त्याने ते दारूच म्हणून घ्यावे, मर्यादेने घ्यावे. प्रभूला, वेदीला आणि शेतकऱ्याला मात्र साक्षीला बोलावू नये. ते तिघेही आपल्या बाजूने बोलणारे नाहीत.