छिद्रे किती, यापेक्षा ती जोडलेली आहेत का?



कृत्रिम हाडावरील लेखाला उत्तर देताना गेल्या अंकातील पत्रलेखकाने सच्छिद्र सिरॅमिकला ‘खड्डा बुजवणारा भराव’ म्हटले आहे. हे मला अजिबात मान्य नाही. भराव नुसता पडून राहतो. इथे पेशी आत शिरतात, भिंतींना चिकटतात आणि नवे हाड घडवतात.

हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट हे या सिरॅमिकमधील कॅल्शियम फॉस्फेट आपल्या हाडातील खनिजाच्या जवळचे असल्याने पेशी त्यावर रुजतात. पण खरी मेख छिद्रांत आहे. ती साधारण 100 मायक्रॉनहून मोठी हवीत. रक्तवाहिन्या शिरायच्या तर 300 च्या आसपास बरी. शिवाय ती आतून एकमेकांना जोडलेली हवीत. बंद पोकळ्यांपर्यंत ना पेशी पोहोचतात ना प्राणवायू, मग सच्छिद्रतेचा आकडा कितीही मोठा असो. समुद्रातील प्रवाळात अशी जोडलेली छिद्रे मुळातच असतात, म्हणूनच 1974 मध्ये रॉय आणि लिनहान या संशोधकांनी उष्णता व दाबाखाली त्याचे हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट केले, रचना न मोडता.

2001 साली इटलीतील संशोधकांनी तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून, अशा सिरॅमिकवर पेरून, हाडातील मोठी पोकळी भरून काढली होती.

असे सिरॅमिक ठिसूळ असते, हा आक्षेप मात्र रास्त आहे. छिद्रे वाढली की ताकद घटते, म्हणून मांडीच्या हाडाला सुरुवातीला बाहेरून वा आतून आधार द्यावाच लागतो. पण तेवढ्यावरून हे तंत्रच मोडीत काढणे रुग्णांवर अन्याय आहे.

आपला,
एक वाचक, पुणे