स्कॅन केलंत, आता शोधू द्या!

दर ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून. फोटोला हार, दोन भाषणं, मग चहा-बिस्किटं. भाषणात 'वारसा' हा शब्द येतोच येतो. येऊ दे, हरकत नाही. पण त्या वारशातलं एखादं पान शोधून वाचायचं म्हटलं, की गाडी अडते.

"अहो, सगळं डिजिटल केलंय," असं उत्तर मिळतं. बऱ्याच ठिकाणी 'डिजिटल' म्हणजे काय, तर वर्षभराच्या अंकांची एक अगडबंब पीडीएफ. पानं तिरकी, वर मधोमध संस्थेचा शिक्का. शब्द शोधायची सोय नाही, तारीख देऊन अंक उघडत नाही. थोडक्यात काय, तर कपाटातला गठ्ठा उचलून सर्व्हरवर टाकला.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यात शोधता येत नाही, तो संग्रह नव्हे, ते फोटोंचं पोतं.

"मराठी अक्षरं कॉम्प्युटरला वाचता येत नाहीत हो," हे दुसरं ठरलेलं उत्तर. हे आता खरं नाही. टेसरॅक्ट हे अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालं आणि आज त्यात मराठीही आहे. जुन्या खिळ्यांच्या छपाईवर चुका होतात, शिळाप्रेसवर तर फारच, मान्य. पण ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने काय केलं बघा. २००८ साली जुनी वर्तमानपत्रं नेटवर आणताना त्यांनी चुकांनी भरलेला कच्चा मजकूर मूळ पानाशेजारी तसाच ठेवला आणि लोकांना सांगितलं, करा दुरुस्त. लोकांनी आजवर कोट्यवधी ओळी फुकट दुरुस्त केल्या! आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणारे काय कमी आहेत? लावा की त्यांना कामाला :)

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती अस्सल मराठी आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधी 'पुण्यांत', 'केलें', 'असें' असं लिहीत. तुम्ही आज १८९७च्या साथीबद्दल 'पुण्यात प्लेग' असं शोधलंत, तर 'पुण्यांत प्लेग' हातचं जाणार. उपाय? शोधसूची बनवताना आणि शोधताना, दोन्हीकडे अनुस्वार गाळायचे, ऱ्हस्व-दीर्घ एकच धरायचं. चार फालतू निकाल जास्त येतील, येऊ देत. यासाठी कसली समिती नेमताय!

चित्रांची दशा तर विचारूच नका. चित्रकाराचं नाव नाही, विषय नाही, अंक कुठला तेही नाही. धुरंधर १९४४ साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणजे २००५ पासून त्यांची चित्रं सगळ्यांची. मग त्यावर शिक्का मारायचा अधिकार कुणी दिला? ब्रिटिश लायब्ररीने २०१३ साली जुन्या पुस्तकांतली दहा लाखांवर चित्रं फ्लिकरवर खुली केली, कुठलाही हक्क न सांगता. चित्रात काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी लोकांनाच विचारलं.

"खुलं केलं की लोक गैरवापर करतात," हा शेवटचा बचाव. उलट आहे हो! गैरवापर बंद कपाटाच्या जिवावर चालतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं पिवळं कात्रण आठवा. पेपरचं नाव कापलेलं, तारीख कापलेली, शेजारचा खुलासा कापलेला. त्यावरून अमुक पुढाऱ्याला शिव्या, तमुक जातीवर गरळ. खोटं ठरवायचं तर मूळ पान हवं, आणि ते कुठेतरी तीनशे एमबीच्या पीडीएफमध्ये गाडलेलं. कात्री कुणाच्याही हातात, पान मात्र कुणाच्याच नाही.

तेव्हा संस्थांकडे मागणी तीनच गोष्टींची. प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता, पानाशेजारी मजकूर (चुकीचा असला तरी चालेल), आणि ज्यावरचा हक्क संपलाय त्यावर शिक्का नको. वार्षिक सभेला जाता ना? तिथे विचारा. आणि आपल्यापुरतं एवढं करा: कात्रण पुढे पाठवताना पेपर, तारीख आणि पान लिहा. लिहिता येत नसेल, तर पाठवू नका.