गडवाटांचे पुस्तक निवडताना

दिवाळी सरली की घरोघरी गडावर जाण्याचे बेत ठरू लागतात. ‘या वेळी आजोबांनाही नेऊ या’ असे नातवंडे म्हणतात आणि आजोबा मनातून त्याचीच वाट पाहत असतात. मग गडवाटांची माहिती देणारे एखादे पुस्तक आणले जाते. औषधाच्या वेष्टनावरची तारीख आपण जितक्या काळजीने पाहतो, तितक्याच काळजीने हे पुस्तकही पारखून घ्यावे.

पहिली फसगत उंचीच्या आकड्याने होते. सिंहगड १३१२ मीटर, रायगड सुमारे ८२० मीटर. हे आकडे शेजारी शेजारी वाचले, तर रायगड सोपा वाटेल. परंतु ही उंची समुद्रसपाटीपासूनची आहे. सिंहगडाचा पायथाच मुळात पठारावर. आतकरवाडीतून प्रत्यक्ष चढ सुमारे ६०० मीटरांचा, आणि गाडीरस्ता तर गडाच्या दाराशी पोहोचतो. रायगडावर मात्र दीड हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. रज्जुमार्गाने गेल्यास त्या टळतात. गुडघ्यांना समुद्रसपाटीशी काही कर्तव्य नसते. म्हणून पायथ्याच्या गावापासूनचा चढ वेगळा सांगणारे पुस्तक घ्यावे.

दुसरी फसगत वेळेची. ‘चढाई दीड तास’ असे छापलेले असते; पण ती कोणाची? विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक आडाखा मांडला: सुमारे पाच किलोमीटर चालीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. आतकरवाडीची वाट जेमतेम तीन किलोमीटरांची, म्हणजे या हिशेबाने दीड तासच येतो. परंतु हा हिशेब धडधाकट आणि वाटेत न थांबणाऱ्या माणसाचा आहे. साठी ओलांडलेल्यांनी मी तरी दुप्पट वेळ धरण्यास सांगेन. शिवाय पुष्कळ पुस्तके उतरणीची वेळ देतच नाहीत. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू शरीराचा भार सावरून धरतात आणि थकले की पाय थरथरू लागतात.

हे मी स्वतः भोगले आहे. राजगडाला जाताना हाती जुने पुस्तक होते. गुंजवण्याची वाट जवळची, एवढेच त्यात लिहिले होते. चोरदरवाजापाशी ती किती खडी होते आणि पाली दरवाजाची वाट लांब असली तरी पायऱ्यांची व सुखाची आहे, याचा उल्लेख नव्हता. चढून गेलो, उतरताना मात्र गुडघ्यांनी असहकार पुकारला. पायथा गाठेपर्यंत अंधार झाला आणि घरी पत्नी दाराशी उभी होती. तेव्हापासून एकाच गडाच्या दोन वाटांची तुलना करणारे पुस्तकच मी विकत घेतो. बालेकिल्ल्याच्या चढणीसारखा कातळटप्पा कोठे आहे, आधाराला कठडा आहे का आणि तेथून मागे फिरता येते का, हेही त्यात असावे. दोर लागतो असे लिहिले असेल, तर ते पान तरुणांसाठी सोडून द्यावे.

पाण्याची नोंद वाचताना महिना पाहावा. टाके डिसेंबरात भरलेले असले, म्हणून एप्रिलात असेलच असे नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असणाऱ्यांनी किंवा मधुमेहींनी तर पुस्तकातल्या टाक्यावर विसंबूच नये. पाणी आणि साखर आपल्याच पिशवीत असावी. जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे वेगळे सांगायला नकोच.

गो. नी. दांडेकरांचे ‘दुर्गभ्रमणगाथा’ अवश्य वाचावे. त्याने गडाची ओढ लागते. वाट मात्र त्यावरून ठरवू नये, ते पुस्तक त्यासाठी लिहिलेले नाही. वाटेच्या पुस्तकाची आवृत्ती शक्य तितकी अलीकडची हवी आणि अक्षर चष्मा लावून, उन्हात उभे राहूनही वाचता येईल असे हवे. दुकानातच एक पान वाचून पाहावे, संकोच कसला?

निघताना त्या गडाच्या पानांची छायाप्रत काढून घरी राहणाऱ्याच्या हाती द्यावी. जाण्याची वाट, परतण्याची वाट आणि संध्याकाळी पायथ्याशी पोहोचण्याची वेळ तिच्यावर आपल्या हाताने लिहावी.