दुरुस्तीची वाट बुजवू नका

संगणक गोठला की पडदा जागच्या जागी थिजतो. माउस आणि कीबोर्ड काहीच ऐकत नाहीत. बिघाड ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच असेल, तर काय बिनसले हे सांगायलाही तो शुद्धीवर नसतो. बेशुद्ध माणसाची जबानी घ्यायची कशी?

लिनक्सच्या कर्नलवर काम करणाऱ्यांनी यावर फायरवायरचा उपाय शोधला. १९९५ साली प्रमाणित झालेली ही जोडणी व्हिडिओ कॅमेरे आणि बाहेरच्या हार्ड डिस्कसाठी होती. तिच्या कंट्रोलरला प्रोसेसरची परवानगी न घेता थेट मेमरी वाचता-लिहिता येते. यालाच डीएमए म्हणतात. दोन संगणक एका केबलने जोडायचे आणि गोठलेल्या संगणकातल्या कर्नलच्या शेवटच्या नोंदी दुसऱ्यावर वाचायच्या. प्रोसेसर गप्प असला तरी मेमरी बोलते.

पण जी वाट वैद्याला, तीच चोराला. २००४ साली मॅक्सिमिलियन डॉर्नझाईफ यांनी दाखवले की साध्या आयपॉडवर लिनक्स चढवून तो जोडला, तरी समोरच्या संगणकाची मेमरी हाती येते. म्हणजे स्क्रीन लॉक करून लॅपटॉप टेबलावर सोडून जाणे ही सुरक्षितता नव्हे. थेट मेमरीपर्यंत जाणारी हीच सोय पुढे थंडरबोल्टमध्येही आली.

मग वाट कायमची बुजवून टाकावी का? काहींना तसेच वाटते. मला ते पटत नाही. आजारी यंत्राच्या आत डोकावताच आले नाही, तर ते दुरुस्त होणार नाही, फेकले जाईल. आणि त्याची किंमत नवे यंत्र घेणे न परवडणारा माणूस मोजेल.

लिनक्सने काढलेला मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्याचा आजचा फायरवायर ड्रायव्हर ही मुभा आपणहून सरसकट देत नाही. मालकाने सेटिंग बदलून मागितली तरच देतो. आयओएमएमयू नावाची हार्डवेअरमधली व्यवस्थाही कोणत्या उपकरणाला मेमरीचा कोणता भाग दिसावा हे ठरवते. विंडोजनेही २०१८ पासून थंडरबोल्टसाठी तिचा आधार घेतला.

म्हणून सुरक्षेच्या नावाखाली एखादी सोय काढून घेतली जाते, तेव्हा आपण एवढे तरी विचारावे : कुलूप लावलेत हे ठीक, पण किल्ली मालकाकडे ठेवलीत की स्वतःच्या खिशात घातलीत?