पिकअपला मड टायर घालण्याआधी वाफसा बघा



परतीचा पाऊस झाला की आमच्या कृष्णाकाठच्या पट्ट्यात टायरच्या दुकानांत गर्दी होते. टोमॅटो, फ्लॉवर तोडणीला आलेला असतो, रान ओलं असतं, पाणंदीचा रबरबाट झालेला असतो आणि भरलेली पिकअप बांधावर आडवी होऊन बसते. मग कुणीतरी मोबाईलवर डोंगर चढणाऱ्या जीपचा व्हिडिओ दाखवतं आणि ठरतं, की आता चारी चाकांना मड टायर घालायचे. दुकानदार म्हणतो, "केवढे ठोकळे हायत बघा, वर्षानुवर्षं बघायला नको." माझं भांडण या वाक्याशी आहे.

ठोकळा मोठा म्हणजे टायर टिकाऊ, हे साफ चूक आहे. उलट आहे. मड टायरच्या नक्षीत मोकळी जागा जास्त असते, म्हणजे डांबरावर टेकणारं रबर कमी. तेवढ्याच वजनाचा भार कमी रबरावर येतो. उंच ठोकळा ब्रेक मारला की मागे वाकतो, वळण घेतलं की आडवा वाकतो, आणि दर फेऱ्याला घासतो. त्यात तापतो. काही महिन्यांनी ठोकळ्याची एक कड झिजलेली आणि दुसरी उभी दिसते, गाडी गुरगुरायला लागते. हा आवाज ऐकून पोरं खूश होतात, पण तो तुमच्या पैशाचा आवाज आहे.

आता आपली पिकअप चालते कुठं ते बघा. रानातून डांबरापर्यंत अर्धा-एक किलोमीटर. तिथून पुढं रात्रभर हायवे, घाट, पहाटे वाशी मार्केट, आणि रिकामी परत. म्हणजे शेकडो किलोमीटर डांबर आणि दोन किलोमीटर चिखल. त्या दोन किलोमीटरसाठी उरलेल्या सगळ्या रस्त्यावर आपण रबर जाळत जायचं का? पावसात ओल्या डांबरावर मड टायरची पकड कमी पडते आणि ब्रेक लांब लागतो, हे वेगळंच. मागं दीड टन माल असताना ते परवडत नाही.

हिशोब समजायला आकडे धरू. एक साधा लोडचा टायर ९,००० चा आणि ४५,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला २० पैसे. मड टायर १४,००० चा आणि २८,००० चालला, तर ५० पैसे. चार चाकांचा फरक किलोमीटरला १ रुपया २० पैसे. वर्षाला ३०,००० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला ३६,००० रुपये झाले. तुमच्या दुकानातला भाव आणि तुमच्या गाडीचं रनिंग घालून हाच हिशोब पाठकोऱ्या कागदावर करा. टायर बदलताना मीटरचा आकडा लिहून ठेवणारे किती जण आहेत आपल्यात? डिझेलचा हिशोब तोंडपाठ, टायरचा कुणाला विचारा, "चालला की बराच" एवढंच उत्तर.

पण पैशापेक्षा वाईट गोष्ट पुढं आहे, आणि ती दुकानात कुणी सांगत नाही.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर मापाशेजारी एक आकडा असतो. १०४, ११२, ११८ असा. त्याला लोड इंडेक्स म्हणतात. एका टायरनं पूर्ण हवेला किती वजन पेलायचं ते त्यात असतं. १०४ म्हणजे ९०० किलो. ११२ म्हणजे १,१२० किलो. ११८ म्हणजे १,३२० किलो. दोन आकडे तिरक्या रेघेनं दिले असतील, तर पहिला एकेरी चाकाचा आणि दुसरा जोडचाकाचा. आपल्या पिकअपला मागं एकेरी चाक, म्हणून पहिला बघायचा. पुढचं इंग्रजी अक्षर वेगाचं. एल म्हणजे ताशी १२०.

पंधरा इंची रिमला बसणारे बरेच देखणे मड टायर जीप आणि एसयूव्हीसाठी केलेले असतात. त्यावर १०४ लिहिलेलं असतं. आता धरा, मालासकट गाडी तीन टन झाली आणि त्यातले दोन टन मागच्या एक्सलवर आले. १०४ चे दोन टायर मिळून पेलणार १,८०० किलो. म्हणजे कायद्यात बसणारा माल भरला तरी टायर ओव्हरलोड. आणि कायद्यात बसणारा माल आपण कधी भरतो? २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपये आणि वर जादा टनाला २,००० आहे, तरी क्रेटवर क्रेट चढतातच. हौद्यात मालावर चार बाया आणि दोन गडी बसलेले असतात. टायर फुटला तर रस्त्यावर कोण पडणार आहे ते त्यांना कुणी विचारलेलं नसतं. ११८ चा टायर काढून त्या जागी १०४ चा बसवून देणाऱ्या दुकानदाराला मी दुकानदार म्हणत नाही.

बरं, चिखलात तरी हे टायर चालतात का? कोकणात, घाटमाथ्यावर, जिथं जांभ्याची माती आणि खाली टणक बूड आहे, तिथं चालतात. ठोकळा वरचा राडा कापतो, खालच्या टणक थराला धरतो, आणि चाक फिरलं की माती झटकून टाकतो. तिथल्या कुणाकडं फोर व्हील ड्राइव्ह गाडी असेल आणि रोज डोंगरात जाणं असेल, तर त्यानं मड टायर जरूर घ्यावेत, त्याच्याशी माझा वाद नाही.

आपल्या भारी काळ्या रानाची गोष्ट वेगळी. ही माती पाणी पिऊन फुगते आणि खळीसारखी चिकटते. पहिल्या चार फेऱ्यांत ठोकळ्यांमधली सगळी फट भरून जाते आणि टायर गुळगुळीत गोळा होतो. माती झटकायला चाक जोरात फिरवावं लागतं, आणि जोरात फिरवलं की ते खाली जातं, कारण खाली टणक बूडच नाही. त्यात आपल्या बहुतेक गाड्या टू व्हील ड्राइव्ह. मागचं एक चाक घसरलं की सगळी ताकद त्या घसरणाऱ्या चाकाकडं जाते, दुसरं नुसतं बघत बसतं. तिथं नक्षी काय करणार? पाणंदीवर टाकलेली काळ्या दगडाची खडी तर ठोकळ्यांचे लचके तोडते.

आणि समजा, निघाली गाडी. टायरनं कमाल केली, वाफसा नसलेल्या रानातून दोन टन घेऊन बाहेर आली. मागं वळून चाकोरी बघितली का? फूटभर खोल. त्या पट्ट्यात माती दाबून वीट झाली. पुढच्या पिकाला तिथं पाणी साचणार, मुळी खाली जाणार नाही, आणि नांगर वरवरचं फोडेल तरी खालचा थर तसाच राहतो. वाफसा नसताना कुळव धरत नाही आपण. बैलाला जे कळत होतं ते पिकअपच्या स्टेअरिंगवर बसल्यावर का विसरतं?

माल ट्रॅक्टर-ट्रॉलीनं बांधापर्यंत किंवा डांबरापर्यंत आणा आणि तिथं पिकअपमध्ये भरा. भरणी दोनदा होते, हमाली जाते, मान्य. तरी रुतलेली गाडी काढायला ट्रॅक्टर बोलवावाच लागतो, तो आधीच बोलवला असं समजा. अडकलीच तर चाकाखाली पाचट नाहीतर पोती घाला, एक्सलेटर तुडवू नका.

हवा कमी करून चिखलातून काढायची युक्ती खरी आहे, टायर पसरतो आणि पकड वाढते. पण पोरं हवा कमी करतात आणि तशीच गाडी हायवेला घालतात. भरलेला टायर कमी हवेवर पळाला की त्याची भिंत दर फेऱ्याला दुमडते, आतून तापते, आणि कापड सुटतं. मग म्हणायचं, कंपनी बेकार. बॅटरीवर चालणारा छोटा पंप मिळतो, तो गाडीत ठेवा आणि डांबराला लागायच्या आधी हवा पूर्ण करा. किती पौंड, ते दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वेगवेगळं. तपासायची सकाळी, टायर थंड असताना.

मग घ्यायचा कोणता? पुढं सरळ रेघांचा, ज्याला रिब म्हणतात तो. मागं सेमी-लग, म्हणजे मधे सलग पट्टा आणि कडेला दात. डांबरावर मधला पट्टा झिजतो, पाणंदीत कडेचे दात कामाला येतात. कंपनीनं दिलेलं माप आणि लोड इंडेक्स तेवढाच किंवा वरचा, खालचा कधीच नाही. आयएसआयचा शिक्का बघा. गोलाकार चौकटीतले चार आकडे बघा. ३५२४ असेल तर २०२४ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. दोन वर्षं दुकानात उन्हाला पडलेला टायर "नवा" म्हणून घेऊ नका. रिमोल्ड पुढच्या चाकाला तर नकोच नको. नक्षीच्या फटीत छोटे उंचवटे असतात, रबर घासून तिथंवर आलं म्हणजे साधारण १.६ मिलिमीटरच उरलं. तो टायर संपला, भले अजून "एक ट्रीप" निघेल असं वाटो. आठ-दहा हजार किलोमीटरला चाकं फिरवून घ्या. पाणंदीच्या खड्ड्यांनी अलाइनमेंट जाते, ती बघितली नाही तर सगळ्यात महाग टायरही एका कडेनं सोलून निघतो.

राहिला रस्ता. चिखलाची अर्धी लढाई पाणंदीची आहे, आणि ती आपण टायरच्या दुकानात लढतोय. नवी वाट बांधावरून हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडं अर्ज करता येतो. असलेली वाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम ५. त्यात अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो, हे लक्षात ठेवा, कारण भावकीत "बघू, बोलू" करता करता सहा महिने सहज जातात. २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनाही आली. ग्रामसभेत ठराव कुणी मांडायचा, यावर मात सगळे एकमेकांकडं बघतात. चार टायरच्या पैशात वाटेवरच्या दहा जणांनी मिळून किती ट्रॉल्या मुरूम पडेल, ते एकदा विचारून या.

आमच्याही वाटेवर दोन्ही बाजूंनी बांध सरकलेत. आता समोरून बैलगाडी आली तर पिकअपला रानात उतरावं लागतं. बांध सरकवणारे दोघंही ओळखीतले आहेत. दोघांच्याही पिकअपला नवेकोरे मड टायर आहेत.